भोईरकाका आणि चपटी निळी वायर

आमच्या मुरबाडच्या कारखान्यात भोईरकाका स्टोअर सांभाळत, आणि जुनी वस्तू हातात पडल्याशिवाय नवी देत नसत. पेनाची रिफिल हवी? "जुनी दाखवा." साबण हवा? झिजलेली चकती दाखवा. म्हसाच्या जत्रेत छत्री घेताना त्यांनी सवयीने जुनी छत्री दुकानदारापुढे धरली म्हणतात. धरली असेल.

मी तिथला कॉम्प्युटरवाला. इंटरनेट नवीन आलेलं. लोक कामाच्या वेळात क्रिकेटचा स्कोअर बघतात म्हणून एका दुपारी मला शिस्त सुचली. इंटरनेटच्या दारावर बसवलेल्या पेटीला, म्हणजे फायरवॉलला, मी हुकूम सोडला: कोणालाही सोडू नकोस. पेटी प्रामाणिक. तिने मलाही सोडलं नाही. हुकूम मागे घ्यायचा तर पेटीत शिरायला हवं, आणि ती वाट मीच बुजवलेली. पासवर्ड तोंडपाठ होता; पण विचारायलाच कोणी येईना. पेटी बंद करून चालू केली. तेच.

बोटीवर चढणाऱ्या मालाचे कागद सहाच्या आत मेलने जायचे होते. मॅनेजर एवढंच म्हणाले, "नाही गेले तर उद्या तुम्हीही येऊ नका."

पेटी विकणाऱ्याला फोन केला. "सोपं आहे," तो म्हणाला. "खोक्यात चपटी निळी वायर होती बघा. तिचं एक टोक पेटीला, एक कॉम्प्युटरला. थेट आत."

ती वायर मी पहिल्याच आठवड्यात "कचरा आहे, फेका" म्हणून स्टोअरला धाडली होती.

धावत गेलो. "काका, चपटी निळी वायर!"

"जुनी दाखवा."

"जुनी तुमच्याकडेच आहे!"

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "फेका बोल्लेले ती? तवा कचरा होती ना?"

"कचरा मीच आहे, काका. द्या."

"आता कसं बोल्लात!"

स्टुलावर चढून त्यांनी पिशवी काढली. वर चिठ्ठी: 'साहेबांनी फेकलेली. निळी. कशाची ते साहेबांना पण ठाव नाय.'

वायर घेऊन पळालो, पण नव्या कॉम्प्युटरला ती बसेल अशी खाचच नव्हती; परत स्टोअरला आलो. काकांनी कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर पुढे ढकलला. "हा पन तुमीच टाकलेला." दोघांनी तो पेटीपाशी नेला, वायर जोडली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली आणि पेटीने मला नाव विचारलं. स्वतःचं नाव टाइप करताना इतका आनंद मला दहावीच्या फॉर्मवरही झाला नव्हता. माझा हुकूम मीच खोडला. पावणेसहाला कागद गेले! अख्ख्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या, आणि मॅनेजरांनी काकांना सगळ्यांसमोर हात जोडले.

वायर परत करायला गेलो तर टेबलावर चहाचे दोन कप.

"बसा. हितं कोन बसत नाय. खिडकीतनं वस्तू घेतात नि पळतात."

बसलो. काकांनी मांडणीवरची एकेक चिठ्ठी वाचून दाखवली: कोणी टाकलं, कसल्या रागात टाकलं. चहा गार झाला.

"इतकी वर्सं ठेवतोय," ते म्हणाले. "माघारी मागायला आलेले तुमी पयले."

मी उठलो. काका पुन्हा पिशवीला गाठ मारत होते. मान वर न करता म्हणाले, "अधनंमधनं असं कायतरी बंद पाडत जा, साहेब."

एवढं मात्र मला जमण्यासारखं होतं.