कपाटातला बिल्ला

थोरल्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षीची गोष्ट. त्याच वर्षी मी, नातवंडं मांडीवर आल्यावर, वाचायला शिकलो आणि आता जगात आपल्याला कुणी फसवू शकत नाही, असं मला वाटू लागलं! कोपऱ्यावर पाटी लागली: 'कुत्रा पाळणाऱ्याने परवाना घ्यावा. बिल्ला नसलेला कुत्रा रस्त्यावर दिसल्यास पकडण्यात येईल.' साऱ्या गल्लीत ती पाटी आधी वाचली कुणी? मी! दुसऱ्याच दिवशी कचेरीत जाऊन आमच्या कुत्र्याचा परवाना काढला आणि बिल्ला आणला. पितळेचा, नंबर कोरलेला, आरशासारखा लखलखीत!

आता एवढी चांगली वस्तू कुत्र्याच्या गळ्यात बांधायची? तो चिखलात लोळणार, भिंतीला मान घासणार. मी बिल्ला रुमालात गुंडाळला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. आमच्या घरात नव्या कपबशासुद्धा पाहुण्यांची वाट बघत म्हाताऱ्या झाल्या आहेत.

एका सकाळी दूधवाला ओरडत आला, "काका, तुमचं कुत्रं धरून नेलं! गाडीत घातलं!"

माझं डोकंच फिरलं. "परवाना असलेला कुत्रा? दिवसाढवळ्या? मोगलाई आहे का?"

बायको त्या कुत्र्याला स्वतःच्या ताटातलं भरवायची. ती चपला घालून दारात उभी राहिली. "कपाट उघडा," एवढंच म्हणाली. वाटेत एक अक्षर बोलली नाही. तिची शांतता म्हणजे कुकरची शिट्टी होण्याआधीची शांतता!

कोंडवाड्यात मी साहेबाच्या टेबलावर बिल्ला आपटला. "हा घ्या! सोडा माझा कुत्रा!"

"हा तर नवाकोरा आहे. गळ्यात का नव्हता?"

"खराब झाला असता!"

"आजोबा, बिल्ला कुत्र्यासाठी असतो की कपाटासाठी?"

"मला शहाणपणा शिकवू नका! मी नियम वाचलाय!"

"मग हाही ऐका. हातातला बिल्ला कुणाचाही असू शकतो. मालकाची ओळख पटली नाही, तर कुत्रा आत्ताच्या गाडीने गावाबाहेरच्या निवाऱ्यात जाणार. तिथून परत मिळत नाही. नावाने हाक मारा. आला तर न्या."

आमचा कुत्रा भेदरून पार मागे, भिंतीकडे तोंड करून बसला होता. परवाना काढताना मी रुबाबात नाव सांगितलं होतं, 'सुलतान'. घरात ते नाव कुणी एकदाही उच्चारलं नव्हतं.

"सुलतान!"

भलतीच कुत्री शेपट्या हलवत जाळीशी आली. आमचा ढिम्म!

"सुलतान! अरे ए सुलतान!"

माझा घसा बसला. बाहेर गाडीवाल्याने इंजिन सुरू केलं. मी साहेबावर खेकसलो, गाडीवाल्यावर खेकसलो, जाळीला लाथ घातली. अंगठा सुजला तो वेगळाच!

तेव्हा बायकोचा बांध फुटला. "म्हणे नियम वाचलाय! बिल्ला कपाटात, कुत्रा पिंजऱ्यात आणि हे मेहेरबान लाथा झाडताहेत! नालायक कुठले!"

मी गर्रकन वळलो. आणि भिंतीशी बसलेला कुत्राही! बाकीच्यांच्या डोक्यांवरून उडी मारून तो जाळीवर आदळला आणि तिची बोटं चाटू लागला. दूध सांडलं की त्याला, चष्मा हरवला की मला. आमच्या घरात आम्हा दोघांना मिळून ती एकच हाक होती.

साहेबाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आजी, दोघेही तुमचेच का?"

"माझेच," ती डोळे पुसत म्हणाली. "दोघांनाही सोडा."

त्या मेल्याने परवान्यावरचं 'सुलतान' खोडलं आणि खरं नाव लिहिलं. वर मलाच विचारतो, "स्पेलिंग बरोबर आहे ना, आजोबा?"

त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. कुत्रा गेला धाकट्या लेकीच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात. बायको गेली त्याच्या पुढच्या थंडीत.