सुर्वेकाकांची ब्राउझरसफाई

सुर्वेकाका कुणाच्याही घरी गेले की चपला काढता काढता पहिला प्रश्न विचारतात, "ब्राउझरमध्ये काही पाळलंय का?"

नवीन माणूस गडबडतोच. आमच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगमध्ये नव्याने आलेल्या एका बाईंनी घाबरत विचारलेलं, "नाही हो, इथे पाळायला परवानगी आहे का?" काकांनी त्यांना लॅपटॉप उघडायला लावला, खिशातून टॉर्च काढला आणि थेट स्क्रीनवर मारला.

काका महापालिकेच्या मलेरिया विभागात निरीक्षक होते. सगळी नोकरी लोकांच्या टाक्या, कुंड्या आणि फ्रिजमागचे ट्रे यांत टॉर्च मारून डासांच्या अळ्या शोधण्यात गेली. निवृत्तीनंतर टाक्या सुटल्या, टॉर्च सुटला नाही. आता ते लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये घुसून बसलेली अ‍ॅडवेअर शोधतात, म्हणजे नको असताना जाहिराती दाखवत राहणारे आगंतुक प्रोग्रॅम. उजेड असलेल्या स्क्रीनवर टॉर्च मारला की उलट कमी दिसतं, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

"जाहिरातीची फुली दाबून काय होतंय? तो नुसता उडणारा डास! पैदास कुठाय ते बघा, पैदास!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि तपासणी सुरू करायच्या आधी डोळ्याला डोळा भिडवून विचारायचं, "शेवटचं फुकट काय घेतलंत?" या प्रश्नाला आमच्या बिल्डिंगमधली भली भली माणसं खाली मान घालतात.

लोक न वाचता 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत जातात, याचा त्यांना भयंकर राग. "लग्नात गुरुजी म्हणतील तिथे पाणी सोडतात ना, तसे तुम्ही नेक्स्ट दाबता! कशाला हो म्हणालात, माहीत तरी आहे का?"

एकदा ते नौपाड्यात दाढ दाखवायला गेलेले. खुर्चीत आडवे असताना बाहेरच्या रिसेप्शनिस्टचा वैतागलेला आवाज कानावर पडला, "हे काय सारखं सारखं मध्ये येतंय!" काका तसेच उठले. तोंडात कापूस, गळ्यात निळा रुमाल. बोलता येईना म्हणून हातवारे करून त्या मुलीला बाजूला केलं आणि कामाला लागले. तिच्या ब्राउझरच्या डोक्यावर जाहिरातींचा एक आगंतुक टूलबार चिकटलेला. डॉक्टर हातात आरसा घेऊन मागे उभे. दाढ पुढच्या आठवड्यात काढली, टूलबार त्याच दिवशी.

हे सगळं मला ऐकून माहीत होतं. आमच्यावर वेळ आली गेल्या वर्षी. माझ्या लेकीचा, मनूचा, कॉलेज प्रवेशाचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. तीन वाजता मुदत संपणार आणि आम्ही शहाण्या मायलेकी एक वाजता बसलेलो. कॉलेजचं पान उघडलं की क्षणात गुडघेदुखीच्या तेलाचं पान. मागे जावं तर कुठलीतरी भलतीच शोधायची साइट. कोपऱ्यातून दर मिनिटाला चौकोन वर येऊन सांगतोय, तुमचा संगणक धोक्यात आहे. मोबाईलवर फॉर्म अर्धाच दिसत होता आणि नाक्यावरच्या सायबरवाल्याकडे जिन्यापर्यंत रांग.

"आई, तू काय करून ठेवलंयस!" मनू रडायच्या बेतात.

मी दोन मजले धावत चढले. काका जेवत होते.

"काका, होमपेज बदललंय!"

"आपोआप?"

"आपोआप."

"वा!" असं म्हणून ते हात न धुताच उठले.

त्यांनी आमटी-भाताचा उजवा हात झेंड्यासारखा वर धरला आणि डाव्या हाताने माऊस घेतला. "शेवटचं फुकट काय घेतलंत?"

मी मान खाली घातली. मनूची मार्कशीट लहान करायला मी परवा एक पीडीएफवालं काहीतरी उतरवून घेतलेलं. नेक्स्ट, नेक्स्ट करत.

काकांनी ते काढून टाकलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. गुडघेदुखीचं तेल हजर!

"परत आलं!" काका खुर्चीतून उडालेच. "म्हणजे अळ्या आहेत!"

मग ब्राउझरच्या आत शिरले. तिथे 'बचत मदतनीस' नावाचं एक एक्स्टेन्शन निघालं. उडवलं. कोपऱ्यातल्या चौकोनाला मीच कधीतरी परवानगी देऊन बसलेले, ती काढली. परत चालू केलं. परत तेल! घड्याळात सव्वादोन. मनू नखं खातेय, मी देवाचं नाव घेतेय आणि काकांचा चेहरा वाढदिवस असल्यासारखा फुललेला. "मोठा आहे हो! मोठा मासा आहे!"

आणि मग ते ओरडले, "सापडला!" कॉम्प्युटरने ठरावीक वेळी आपणहून करायच्या कामांची एक यादी असते. त्यात एक अनोळखी नाव लपलेलं. कॉम्प्युटर चालू झाला की काढलेलं सगळं ते परत आणून बसवत होतं. काकांनी ते पुसलं. आम्ही तिघांनी श्वास रोखला. कॉलेजचं पान उघडलं आणि उघडंच राहिलं.

तीनला दहा मिनिटं असताना फॉर्म गेला. मनूने काकांना मिठीच मारली. वाळलेला आमटीचा हात सांभाळत काका म्हणाले, "अगं, भात लागेल!"

कॉलेजच्या यादीत मनूचं नाव लागलं त्या दिवशी दुपारी मी पेढे घेऊन वर गेले. सुलभाकाकू कॉम्प्युटरसमोर बसलेल्या. केस नीट विंचरलेले, साडी इस्त्रीची. त्यांना विस्मरणाचा आजार आहे. त्या फारशा बाहेर पडत नाहीत, मला ओळखत नाहीत.

चार वाजले आणि स्क्रीनवर टिंग करून लाल-पिवळा चौकोन उघडला. 'अभिनंदन, सुलभाताई! आजच्या विजेत्या तुम्ही!'

सुर्वेकाकांच्या घरात! मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

"अहो, मला लागलं!" काकूंनी टाळ्या वाजवल्या. "माझं नाव आलं!"

"काय सांगतेस!" काका धावत फ्रिजकडे गेले आणि पानात गुंडाळलेला मोगऱ्याचा गजरा घेऊन आले. काकूंनी मान वाकवली. काकांनी पिन लावली, सराईतपणे.

मग स्वयंपाकघरात मला पाणी देताना हळू आवाजात म्हणाले, "आधी खरीच जाहिरात होती. मी काढली, मुळापासून. तर चार दिवस ही तिथेच बसून. माझं नाव का नाही आलं, माझं काही चुकलं का, म्हणून विचारायची. मग मीच एक बनवली. या जाहिरातीला आत-बाहेर काही रस्ता नाही. नुसतं चित्र आहे."

"आणि रोज गजरा?"

"रोज. चारला नाव येतं, एवढंच तिच्या डोक्यात बसलंय. काल लागलेलं कुठे आठवतंय? तिला रोज पहिल्यांदाच लागतं."

बाहेरून काकूंची हाक आली, "अहो, त्या कोण बाई आल्यात, त्यांना पेढा द्या. सांगा, मला बक्षीस लागलंय."

काकांनी माझाच पुडा उघडला आणि त्यातला एक पेढा माझ्या हातावर ठेवला.