बहुमताने आलेले डोळे

"ऐकीव गोष्टीवर तातेराव चालत नसतो! पक्की माहिती काढतो, मंग पाऊल टाकतो!" असं तातेरावांनी राजूरच्या चौकात छाती पुढे काढून जाहीर केलं, तेव्हा अर्ध्या गावाचे डोळे आले होते. जो तो लाल डोळ्यांनी एकमेकांची नजर चुकवत चाललेला! आणि नेमके त्याच आठवड्यात जालन्याच्या मस्तगडातून त्यांच्या मुलीला, कौसल्येला पाहायला पाहुणे येणार होते. आधीची दोन स्थळं फिसकटलेली. हे तरी हातचं जाऊ नये, म्हणून तातेराव माहितीच्या हात धुऊन मागे लागले. खरे हात तेवढे धुतले नाहीत.

न्हावी म्हणाला, "नुसतं बघितलं तरी होतं." टेम्पोवाला तेच म्हणाला. भजनी मंडळानंही टाळ खाली ठेवून तेच सांगितलं. फक्त सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "बघून काही होत नाही. हातानं पसरतं, टॉवेलानं पसरतं. ज्याचा टॉवेल त्याला ठेवा."

तातेराव पडले ग्रामपंचायतीचे जुने मेंबर. त्यांनी सरळ मतं मोजली. "नजरेकडून सारं गाव, टॉवेलाकडून एकटा डॉक्टर. डिपॉझिट गेलं त्याचं!"

"पण बापू, ते शिकलेले हायेत," कौसल्या म्हणाली.

"शिकलेला असंल, पण बाहेरगावचा हाये!"

गणपतीच्या देवळाबाहेरच्या दुकानातले सगळे काळे चष्मे घरी आले. पाहुणे दारात येताच तातेरावांनी आधी चष्मे वाटले, मग रिवाजाप्रमाणे पाय धुवायला पाणी दिलं आणि खांद्यावरचा नवा गुलाबी टॉवेल स्वतःच्या हातानं एकेकाला दिला. त्यांचा डावा डोळा सकाळपासून चुरचुरत होता. चष्म्याखालून ते तो पुसत होते. त्याच टॉवेलानं!

आत माळवदाच्या खोलीत आधीच अंधार, त्यात काळे चष्मे. मुलाचे वडील भुजंगराव समोरच्या लुगड्याकडे वळून म्हणाले, "बाळ, शिक्षण किती झालं?"

"चौथी," कौसल्येची आई नंदाबाई लाजून म्हणाली.

"आन् चिठ्ठीत तर बारावी लिव्हलंय!"

"बारावी मी हाये, इकडं!" कोपऱ्यातून कौसल्या म्हणाली. मुलगा धर्मराज पोह्यांसाठी चाचपडत होता, त्याचा हात पाण्याच्या तांब्यात गेला. "पोहे डावीकडं हायेत, जी. तांब्यात शेंगदाणे सापडायचे न्हाईत," ती म्हणाली. धर्मराज खळखळून हसला. तातेरावांना वाटलं, झालं! पोरगी तोंडाळ ठरली!

पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. तातेरावांना जेवण गोड लागेना. पोरीच्या काळजीनं त्यांचा जीव खरंच थोडाथोडा झाला, आणि दोन्ही डोळे सुजून बंद झाले ते वेगळंच.

मग वाण्याच्या दुकानात भुजंगरावांचा फोन आला. तातेराव भिंत धरत धरत पोचले.

"आमच्या घरात समद्यांचे डोळे आले, तातेराव!"

"अन्... पोरीचं?"

"पोरगी दिसली कुठं? पण धर्मराज म्हणून राह्यला, बोलणं बिलकुल पसंत हाये. डोळे उघडले की येतो, नीट बघतो."

"या, या! जल्दी या!" तातेराव आनंदानं ओरडले. "चष्मे तयारच ठेवतो!"

"चष्मे ऱ्हाऊ द्या," भुजंगराव म्हणाले. "आन् टॉवेल आमचा आम्ही घेऊन येतो."