समुद्रतळाचं पोट

वारखोलच्या बंदरासमोरचा समुद्रतळ मोजणीची होडी दिसली की पोट आत घेतो. यात हसण्यासारखं काही नाही. शिंप्यानं टेप काढली की तुम्ही-आम्ही तरी दुसरं काय करतो?

हे पकडलं केतकी तारीनं. ती सर्वेक्षण खात्यात होती आणि वारखोल तिचं माहेर. पुरेसं पाणी मिळालं तर गावाला लाँच सुरू होणार होती. नाहीतर आजारी माणसालाही डोंगराला वळसा घालूनच तालुक्याला न्यायचं. होडीतल्या, आवाजाच्या लाटांनी खोली मोजणाऱ्या सोनार यंत्रानं सहा मीटर खोली दाखवली, तेव्हा केतकीचा आनंद गगनात मावेना. मग खात्याचं मोजणीचं विमान आलं, पाठीमागून, न सांगता. त्याच्या लेसरला तिथंच जेमतेम दोन मीटर पाणी दिसलं. लाँचला चार तरी लागतं.

केतकीनं साहेबांना फोन लावला.

"दोन्ही यंत्रं बरोबर आहेत, सर. होडी दिसली की तळ पोट आत घेतोय."

"मग त्याचं म्हणणं घ्या," साहेब म्हणाले. "मोजणीत संबंधिताची बाजू ऐकावीच लागते."

होडीचे तांडेल रोहिदासकाका यांनी इंजीन बंद केलं. केतकी काठावरून वाकली.

"अहो, असं किती वेळ धरवतं?"

"कुणी बघतंय तोवर," तळ म्हणाला. "नजर हटली की सुटतं. वय झालं आता."

"आणि लाँचमधली माणसं बघत राहिली तर?"

तळ जरा लाजला. "मग काय, कितीही वेळ."

"लिहून टाक, गो," काका म्हणाले.

नकाशावर छापून आलं: खोली सहा मीटर, बघितल्यास.

पहिल्या फेरीला सगळे प्रवासी कठड्याला टेकून निमूट खाली बघत होते. पण धक्का जवळ आला, गावानं ढोल-ताशे सुरू केले आणि झाडून सगळ्यांच्या माना वर झाल्या. केतकीचीसुद्धा. लाँचच्या बुडाला वाळू करकरली. आज लाँच रुतली तर पुन्हा कोण पाठवतंय वारखोलला?

ती कठड्यावरून कमरेपर्यंत वाकली. धक्क्यावरून आईनं हाक मारली, तरी तिनं मान वळवली नाही.

"अहो, मी बघतेय," ती म्हणाली.

खालून श्वास ओढल्याचा आवाज आला. लाँच मोकळी झाली.

"छान दिसताय," केतकी म्हणाली, आणि दोर धक्क्याला बांधेपर्यंत तिनं पापणी लववली नाही.