ओढ्यापलीकडचे मतदार

ग्लेंडा हॉव्हर्सनने माशांची दुसरी प्लेट संपवली, बोटं पुसली आणि समोरच्या म्हाताऱ्याला नवा पूल देऊन टाकला. पहिल्या प्लेटीच्या वेळी शेजारच्या टेबलाला दवाखाना देऊन झाला होता. विस्कॉन्सिनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी गावच्या गाव तळलेले मासे खायला एका छपराखाली जमतं, आणि मंगळवारी मतदान असलं की उमेदवारांनाही तिथे सपाटून भूक लागते. मागच्या खेपेला वॉशिंग्टनच्या संसदेतली खुर्ची ग्लेंडाच्या हातून अवघ्या एकसष्ट मतांनी निसटली होती. या बंबखान्याच्या हॉलमध्ये आज दीडशे माणसं जेवत होती.

"आणि ही कोबीची कोशिंबीर!" ती मोठ्याने म्हणाली. "इर्माबाई, अशी कोशिंबीर अख्ख्या मतदारसंघात मिळायची नाही!"

कोशिंबीर इतकी गोड होती की ग्लेंडाची दाढ ठणकत होती. पण इर्मा ड्रेगरबाईंच्या शब्दावर गाव मत देतं, हे तिला आल्याआल्याच कळलं होतं.

तेवढ्यात तिचा नवरा रोलंड आत आला. याने तीस वर्षं या भागात टपाल वाटलेलं. "नकाशा कशाला? मी आहे ना," म्हणत गाडी त्यानेच आणली होती. आता त्याच्या हातात नकाशा होता आणि तोंड एवढंसं झालं होतं.

"जरा घोळ झालाय गं," तो कानाशी पुटपुटला. "आपण ओढा ओलांडलाय."

"मग?"

"जनगणनेनंतर हद्द ओढ्यावर आणलीय. हे गाव आता शेजारच्या मतदारसंघात. इथलं एक मत तुला मिळायचं नाही."

"तीस वर्षं टपाल वाटलंस ना रे?"

"पत्ते तेच आहेत! हद्द सरकली, त्याला मी काय करू?"

ग्लेंडाने घड्याळ पाहिलं. जिथे खरं जायचं होतं ते ओढ्यापलीकडचं जेवण दहा मिनिटांत आटोपणार होतं आणि पूल मोडलेला असल्यामुळे वळसा पाऊण तासाचा होता. दुसरं कुणी असतं तर गुपचूप सटकलं असतं. ग्लेंडा खुर्चीवर चढली.

"मंडळी, माफ करा. तुम्ही माझे मतदार नाही, हे मला आत्ता कळलं. म्हणजे आता खरं बोलायला हरकत नाही. पूल सहा वर्षांच्या आत होत नसतो. दवाखान्याचं मी उगाच बोलले. दुधाचा भाव वाढवीन म्हणाले, पण तो कुणा एकाच्या हातात नाही. आणि इर्माबाई, कोशिंबिरीत साखर फार होते हो!"

इर्माबाई सावकाश उठल्या.

"आम्ही तुमचे मतदार नाही, हे कुणी सांगितलं तुम्हाला? परवा आमच्या हॉलची तळणाची कढई पेटली, म्हणून आज मासे इथे. इथले सगळे शाळेच्या फुटबॉलला गेलेत. आम्ही पलीकडचेच आहोत, चांगला वळसा घालून आलोय!"

रोलंड गाडी बघायला म्हणून बाहेर पळाला. चार वर्षांची पायपीट एका कोशिंबिरीत बुडाली होती. पण फजिती झाली म्हणून खुर्चीवरून खाली उतरणं ग्लेंडाच्या स्वभावात नव्हतं.

"बोलले ते बोलले," ती म्हणाली. "हवं तर इथेच मत घ्या. साखर फार होते, असं कुणाकुणाला वाटतं?"

सगळ्यांनी आधी इर्माबाईंकडे पाहिलं. मग कोपऱ्यातून एक हात वर आला. तो इर्माबाईंच्या नवऱ्याचा होता. पाठोपाठ दुसरा, दहावा, सगळा हॉल. पाद्रीबाबांनी तर दोन्ही हात वर केले.

इर्माबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, नवऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"बरं. साखर कमी करते. पण पूल चार वर्षांत हवा."

"पाच," ग्लेंडा खुर्चीवरूनच म्हणाली. "तेही जमलं तर."

इर्माबाई हॉलकडे वळल्या. "मंगळवारी सगळ्यांनी हिलाच मत द्या रे! वॉशिंग्टनला धाडू या. इथे राहिली तर दर शुक्रवारी माझी कोशिंबीर चाखायला येईल!"