मापनिसांनी राज्याचे दुखणे मोजिले त्याची हकीकत

विघ्नहर्त्यास नमन, वाग्देवीस नमन, आणि ज्याचे दारी रांग कधी सरत नाही त्या धन्वंतरीस लांबूनच नमन करून, शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सरी एका राज्यात जे वर्तले ते लिहितो. राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, उगाच कोणी अंगास लावून घेईल. तेथील महाराज बहुत दयाळू. त्यांचे मनी आले की दुखणे आले म्हणोन रयतेने घरदार विकावे हे बरे नव्हे, आणि मग त्यांनी आरोग्यविम्याची जुनी किचकट रीत मोडून नवी योजना काढिली, की प्रत्येक रहिवाशास एक कार्ड द्यावे, आणि कार्ड दाखविताच इस्पितळात दाखल करून घ्यावे, आणि बिल सरकारने भरावे. आणि अमात्य रंगराव म्हणाले की खर्च होतो तो होवो, परंतु गुण आला की नाही हे मोजिले पाहिजे. मग कार्डापूर्वी एक मोजणी आणि कार्डानंतर एक, ऐसे ठरोन ते काम भिकाजीपंत मापनीस यांजकडे सोपविले.

भिकाजीपंत गृहस्थ मोठे चोख, परंतु स्वभावे इतके भिडस्त की परक्याचे दारी जाऊन ‘तुम्हांस मूळव्याध आहे काय’ ऐसे विचारणे त्यांस ब्रह्मसंकट वाटे. म्हणोन त्यांनी स्वतः बसून एक सभ्य प्रश्न रचिला, तो येणेप्रमाणे: ‘कसं काय, बरं आहे ना?’ आणि कारकून दारोदार हिंडले, आणि रयत उंबऱ्यावर येऊन म्हणती जाहली, ‘बरं आहे. या, चहा घ्या.’ एक जण माडीवरून पडून खाटेवर होता, तो म्हणाला, ‘बरं आहे हो, नुसता पाय मोडलाय.’ कारकुनाने लिहिले, बरे आहे. आता यास लबाडी म्हणावी तर तशीही नव्हे. दारी आलेल्या माणसापाशी आपली रड सांगावी ऐसी त्या मुलखाची रीतच नव्हती. पंतांचे घरी त्यांची विधवा वडील बहीण आवडाक्का होत्या. त्यांचे उत्तर तर पंतांनी न विचारताच लिहिले, की घरी सर्व कुशल. मग सबंध राज्य निरोगी निघाले, आणि महाराज प्रसन्न होऊन पंतांस भरजरी शेला देते जाहले, आणि पंत तो शेला घेऊन भाजी आणावयासही जाऊ लागले.

मग कार्डे वाटिली, वर्ष लोटले, दुसरी मोजणी निघाली. प्रश्न तोच, कारकून तेच. परंतु रयत काय म्हणते? ‘आलात? बसा. गुडघ्यापासून सांगू की कमरेपासून?’ अहो, कारकुनांचे हात भरून आले! कोणाची छाती, कोणाचा मणका, कोणाचे डोळ्यांत फुले पडलेली, आणि सर्वांचे कार्डावर उपचार चालू. हिशेब बांधिला तो सारे राज्य आजारी. अमात्यांनी कपाळास हात लाविला आणि म्हणाले, “पाहिलंत? कार्ड नव्हतं तोवर सगळे ठणठणीत होते. कार्ड आलं आणि दुखणी निघाली. बंद करा ही थेरं!” मग हुकूम तयार जाहला, की दसऱ्याचे दरबारी योजना मोडून कार्डे परत घ्यावी, आणि मापनिसांनी भर दरबारी माप खरे म्हणोन साक्ष द्यावी. पंतांस वाईट वाटले, परंतु माप ते माप.

दसऱ्याचे सकाळी पंत पागोटे बांधीत होते आणि आवडाक्का भिंतीस हात लावीत शेला घेऊन आल्या. पंत म्हणाले, “आक्का, आज ती कार्डं बंद होणार.” हे ऐकताच आक्का मटकन खाली बसल्या आणि म्हणाल्या, “अरे भिकू, दिवाळीनंतर माझा खुबा बदलायचा ठरलाय त्या कार्डावर!”

पंत चकित होऊन म्हणाले, “खुबा? तुझा? कधीपासून दुखतोय?”

“तुझी बायको जिवंत होती तेव्हापासून.”

“अगं, मी रोज विचारत होतो की, कसं काय म्हणून!”

“विचारत होतास. पागोटं बांधत, दाराकडं बघत. आणि सांगून तू काय करणार होतास? उगाच तुझ्या जिवाला घोर. तो डॉक्टर विचारतो कुठं दुखतं, आणि नेमकं तिथंच बोट ठेवतो. म्हणून त्याला सांगितलं. आता ऑपरेशन नाही म्हणतोस, तर मी अशीच भिंती धरत मरायचं का रे?” ऐसे म्हणोन आक्का रडू लागल्या, आणि त्यांस रडताना पंतांनी कधी पाहिले नव्हते. पंतांस स्वतःची मोठी शरम वाटली. मग ते शेला न पांघरता काखेत मारून दरबारास गेले.

दरबारी अमात्यांनी हुकूम वाचिला, महाराजांनी शिक्का उचलिला, इतक्यात पंत उभे राहोन म्हणाले, “सरकार, पहिली मोजणी खोटी आहे.”

अमात्य गरजले, “पंत, ती तुमचीच!”

“माझीच,” पंत म्हणाले, आणि पुढे होऊन हात जोडून विचारते जाहले, “महाराज, कसं काय, बरं आहे ना?”

महाराज म्हणाले, “बरं आहे, बरं आहे. तुमचं?”

तेव्हा महाराजांचा उजवा पाय उशीवर होता, अंगठा सुजून त्यावर लेप थापिला होता, हे सर्व दरबार पाहात होता. पंत गुडघे टेकून उशीपाशी बसले आणि हळूच म्हणाले, “कुठं दुखतं, महाराज?”

“अहो, काय सांगू तुम्हाला!” ऐसा आरंभ करून महाराज बोलू लागले, ते अंगठ्यापासून निघोन पोटऱ्यांवरून मानेपर्यंत आले. सोने लुटण्याचा मुहूर्त टळू लागला, भालदार ताटकळले, आणि अमात्यांचीही चुळबुळ सुरू जाहली, की आपलेही पित्ताचे मध्येच सांगून घ्यावे. सरतेशेवटी महाराज थांबले, आणि त्यांचे त्यांसच हसू आले. मग म्हणाले, “म्हणजे दुखणी आधीचीच. आता सांगायला लागलेत. बरं, मग योजनेचा गुण आला की नाही?”

पंत म्हणाले, “ते आता मला सांगता येत नाही, सरकार. पहिलं मापच बुडालं. आजपासून नीट विचारत गेलो, तर पुढं कधी कळेल.” आणि काखेतला शेला काढून त्यांनी उशीपाशी ठेविला. महाराजांनी हुकूम फाडिला, कार्डे चालू ठेविली, आणि शेलाही ठेवून घेतला. न्याय तो न्याय.

दिवाळीनंतर आवडाक्कांचा खुबा बदलिला. त्या शुद्धीवर आल्या तो पंत उशाशी स्टुलावर, पागोटे मांडीवर घेऊन बसलेले. पंतांनी विचारिले, “आक्का, कुठं दुखतं?”

आक्का डोळे वटारून म्हणाल्या, “कुठं नाही ते विचार! पण तुला कचेरी आहे ना?”

पंत म्हणाले, “नाही. तू सांग.” आणि त्यांनी स्टूल जवळ ओढिले, आणि आक्का सांगू लागल्या.

तात्पर्य, पुढील साली मोजणी जाहली तो दुखणी आणखीच वाढलेली निघाली, आणि महाराजांनी राज्यात साखर वाटिली. ही हकीकत, जैसी कानी आली तैसी लिहिली.