सुधाकर भावजींचा पांढरा वर्ग

आमचे सुधाकर भावजी गणपतींना अर्थशास्त्र शिकवायचे. हसू नका, मी रोज बघत होते. समोर ओळीनं रंग न लावलेले पांढरे गणपती, आणि भावजी त्यांना मागणी-पुरवठा समजावतायत. एखादा फळीवर तिरका बसला असला की त्याला ओरडाही बसायचा, "तिसऱ्या बाकावरचे, सरळ बसा!"

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. रोह्याच्या कॉलेजात प्राध्यापक, तिथंच जवळ अष्टमी गावात एका खोलीत एकटेच राहायचे. लग्न का नाही केलंत विचारलं, तर म्हणतात, "मुद्दा लक्षात घ्या वहिनी, राहून गेलं." कोरोनात कॉलेज बंद झालं तसे एक बॅग आणि मोबाइल घेऊन पेणजवळ जोह्याला, आमच्या गणपतीच्या कारखान्यात येऊन थडकले. हाताला खडू लागला नाही की यांना शिकवायला सुचत नाही! म्हणून तासाआधी आमच्या प्लास्टरची भुकटी बोटांना चोळून घ्यायचे.

मोबाइल रंगाच्या डब्याला टेकवायचा आणि सारखं एकच, "आवाज येतोय का?" पोरं सगळी काळ्या चौकोनात. कोण म्हणतो, सर, व्हिडीओ लावला की डेटा संपतो. कोण रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढून बसलेला. भावजी वैतागून म्हणायचे, "डेटा वाचवतात आणि मला खर्च करतात!"

एकदा जेवताना भात चिवडत म्हणाले, "वहिनी, मी राजीनामा देतो. समोर कुणी आहे की नाही तेच कळत नाही. एकटाच बडबडतोय."

"घरबसल्या पगार मिळतोय, तर ही कसली नाटकं?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा-मोबाइल उचलला आणि शेडमध्ये सुकत ठेवलेल्या मूर्तींपुढे वर्ग भरवला. बुटक्या पुढे, उंच मागे. राजीनाम्याचं बोलणं थांबलं, पण नवं खूळ निघालं.

"वहिनी, पहिल्या ओळीला तरी डोळे काढून द्या ना. मुद्दा लक्षात घ्या, बिनडोळ्यांच्या वर्गाला शिकवायचं कसं?"

आमच्याकडे डोळ्यांची आखणी मीच करते. "अवो, रंगाआधी आखणी करत नाय कुणी! डोळे सगळ्यात शेवटी."

ऐकतील तर ते प्राध्यापक कसले! माझी पाठ वळली आणि यांनी स्वतःच कुंचला चालवला. एक गणपती छताकडे बघतोय, दुसरा शेजाऱ्याच्या पेपरात. आमचे हे असे भडकले! "सुध्या, तुझं कॉलेज बुडव, माझा माल बुडवू नको!" मग मीच पॉलिश पेपर घेऊन सगळे डोळे घासून काढले. भावजी बाजूला उभे होते. हळूच म्हणाले, "इतक्या दिवसांनी कुणीतरी बघत होतं हो माझ्याकडे."

पुढे रंग चढले, आखणी झाली, टेम्पो भरभरून मूर्ती पेणला गेल्या. भावजी प्रत्येक टेम्पोला हात करत होते. शेड ओकीबोकी झाली. दुसऱ्या दिवशी तासाची वेळ झाली तरी ते पायरीवरच बसलेले, मोबाइल बंद.

"आज लिहूनच टाकतो राजीनामा," म्हणाले.

या माणसाला शिकवण्याशिवाय दुसरं आहे काय? मागच्या फळीवर सोंडेला तडा गेलेली एक पांढरी मूर्ती उरली होती. ती खाली घेतली, कुंचला घेतला आणि जन्मात पहिल्यांदा रंगाआधी डोळे काढले. जीव ओतून काढले, सरळ समोर बघणारे. मूर्ती पुढच्या ओळीत ठेवली, डबा मांडला, भुकटीची वाटी शेजारी ठेवली आणि भावजींना हाक मारली.

ते आत आले. मूर्तीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. बोटांना भुकटी चोळली, मोबाइल सुरू केला, घसा खाकरला.

"आवाज येतोय का?"

पोरांच्या आधी मीच ओरडले, "येतोय, भावजी!"